रेडियम कापायचंय की खण? कोकणात कटिंग मशीन घेण्याआधी

खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, हे मशीन तीनशेहून अधिक प्रकारच्या वस्तू कापतं. ते खोटं नाही. पण त्यातल्या दोनशे नव्वद तुम्ही कधी कापणार नसता. उरलेल्या दहांतल्या ज्या दोन रोज लागतात, त्यांना हे मशीन बरं का वाईट, एवढं मात्र खोक्यावर नसतं.

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत या मशीनकडे येणारी कामं साधारण ठरलेली आहेत. होड्या, गाड्या आणि दुकानांच्या काचांवरचं रेडियम, म्हणजे चिकट विनाइल. टेनिस क्रिकेटच्या जर्सी आणि मंडळांचे टी-शर्ट. गणपतीचं मखर. आणि कापडाचं काम, म्हणजे खणाची तोरणं, आसनं, गोधड्यांचे तुकडे, नक्षी लावलेली दुपटी. सगळ्यांना आपण 'कटिंग'च म्हणतो, पण पात्याला ही कामं एकसारखी वाटत नाहीत. म्हणून आधी पात्याचं बोलू, मशीनची नावं नंतर.

ओढपातं आणि चाकपातं

रेडियम कापणाऱ्या प्रत्येक मशीनमध्ये, मग ते घरगुती असो की दुकानातलं दोन फुटी प्लॉटर, एक बारीक टोकाचं पातं असतं. ते होल्डरमध्ये मोकळं फिरतं आणि मशीन ज्या दिशेला ओढेल तिकडे आपोआप वळतं. याला आपण ओढपातं म्हणू. रेडियम मागच्या कागदाला चिकटलेलं असल्यामुळे पातं ओढलं तरी ते जागचं हलत नाही. कापडाचं तसं नाही. सुती कापडावर ओढपातं चालवलं की आधी धागा पुढे सरकतो, मग गोळा होतो, मग पात्यावर चढतो, आणि मॅटवर (माल धरून ठेवणाऱ्या चिकट पाटीवर) कापलेल्या नक्षीऐवजी चुरगळलेली चिंधी उरते. मशीन खराब नसतं, पद्धत चुकलेली असते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे कापडाच्या उलट्या बाजूला इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग लावायचं. कापड कागदासारखं ताठ होतं आणि मग ओढपातंही ते नीट कापतं. दुसरा उपाय चाकपात्याचा. शिवणकाम करणाऱ्यांकडे हाताचा रोटरी कटर असतो, त्याचंच हे बारकं रूप. चाक कापडावरून लोळत जातं, ओढत नाही, त्यामुळे मागे काही न लावता सुती, सॅटिन, फेल्ट सरळ कापलं जातं. पण चाक आपोआप वळत नाही, मशीनने ते मुद्दाम वळवावं लागतं. त्यासाठी वेगळी गिअरची रचना लागते आणि ती प्रत्येक मशीनमध्ये नसते. शिवाय चाकाला वळायला जागा हवी. क्रिकट कंपनी स्वतःच सांगते, की चाकपात्याने पाऊण इंचापेक्षा, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटरपेक्षा लहान आकार कापू नयेत. बारीक मोराचा तुरा किंवा कोयरीतली जाळी चाकपात्याने होणार नाही. तिथे फ्युजिंग आणि ओढपातंच हवं.

एवढं कळलं की निम्मी निवड झाली.

घरगुती बारा इंची मशीनं

क्रिकटच्या दोन मालिका इथे जास्त दिसतात, एक्सप्लोअर आणि मेकर. दोन्हींची कापायची रुंदी साधारण १२ इंच, मॅट १२ बाय १२ किंवा १२ बाय २४ इंच. खरा फरक जोराचा आणि गिअरचा आहे. एक्सप्लोअर पात्यावर सुमारे ४०० ग्रॅम जोर देते, मेकर सुमारे ४ किलो. चाकपातं आणि जाड पुठ्ठा कापणारं नाइफ ब्लेड फक्त मेकरमध्ये बसतं. त्यामुळे निवड सोपी आहे. रेडियम, टी-शर्टचं एचटीव्ही (उष्णतेने कापडाला चिकटणारं विनाइल) आणि कार्डशीट एवढंच काम असेल तर मेकरला जास्त पैसे मोजणं वाया आहे, एक्सप्लोअर तेच काम तितकंच स्वच्छ करते. फ्युजिंग न लावता कापड कापायचं असेल, तरच मेकर घ्या. "पुढेमागे लागेल" म्हणून मेकर घेणारे पुष्कळ असतात आणि त्यांचं चाकपातं डबीतून बाहेर येत नाही.

नाइफ ब्लेडबद्दल एक सावधगिरी. ते २.४ मिलिमीटरपर्यंत कापतं हे खरं, पण एका फेरीत नाही. २ मिलिमीटरचा पुठ्ठा असेल तर पातं त्याच रेषेवरून दहा-वीस वेळा जातं आणि एका मॅटला सहज अर्धा-पाऊण तास जातो. जाड वस्तू लावण्याआधी रुळावरची पांढरी चाकं एका कडेला सरकवावी लागतात, नाहीतर पुठ्ठ्यावर त्यांच्या खुणा उठतात. पुठ्ठा मॅटला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बांधायचा. तो केसभर सरकला तरी दहावी फेरी पहिल्या फेरीच्या रेषेवर पडत नाही.

क्रिकटची खरी अडचण मशीनमध्ये नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यांचं डिझाइन स्पेस इंटरनेट आणि खात्याशी बांधलेलं आहे. मार्च २०२१ मध्ये कंपनीने फुकट वापरणाऱ्यांना महिन्याला वीसच डिझाइनं चढवता येतील असं जाहीर केलं होतं. ग्राहक खवळल्यावर निर्णय मागे घेतला. आज स्वतःचं डिझाइन फुकट चढवता येतं. पण मशीन आपल्या टेबलावर आणि चावी दुसऱ्याच्या हातात, ही गोष्ट विसरू नये. पावसात दोन दिवस रेंज नसलेल्या गावात हे आणखी जाणवतं. डेस्कटॉपवर काही डिझाइनं आधी उतरवून ठेवता येतात, तेवढी सोय करून ठेवा.

मॅटशिवाय कापायची जी सोय एक्सप्लोअर ३ आणि मेकर ३ मध्ये आहे, तिचीही नीट चौकशी करा. ती कंपनीच्याच १३ इंची 'स्मार्ट' मालासाठी आहे. चिपळूणच्या बाजारातून आणलेला साध्या रेडियमचा तुकडा मॅटवरच चिकटवावा लागतो, आणि मॅटची लांबी २४ इंच. म्हणजे होडीवरचं चार फुटी नाव तुकड्यांत कापून जोडायचं.

सिल्हूट कंपनीचं कॅमिओ मशीन इथे बाजी मारतं. साधं रेडियम मॅटशिवाय थेट रोलमधून घेतं, आणि सिल्हूट स्टुडिओ हे सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय पूर्ण चालतं. सिल्हूटच्या मागे ग्राफटेक ही जपानी प्लॉटर कंपनी आहे, त्यामुळे जोर, वेग, पात्याची खोली अशा सगळ्या गोष्टी हाताने बदलता येतात. क्रिकट त्यातल्या बऱ्याच लपवून ठेवतं. शिकायला मात्र कॅमिओ जरा जड जातं. फुकट मिळणाऱ्या बेसिक आवृत्तीत एसव्हीजी (रेषांच्या स्वरूपातलं डिझाइन) फाइल उघडत नाही, त्यासाठी डिझायनर आवृत्तीचे एकदाच पैसे भरावे लागतात. न भरता भागवायचं असेल तर डीएक्सएफ हा रेषांच्या फाइलचा दुसरा प्रकार उघडतो, किंवा काळ्या-पांढऱ्या स्वच्छ पीएनजीवरून ट्रेस करता येतं. कॅमिओ ४ पासून दुसऱ्या कॅरेजवर (पातं धरून सरकणाऱ्या भागावर) ५ किलोपर्यंत जोर मिळतो आणि त्यात चाकपातं बसतं, पण कापडाच्या कामात मेकरची गिअरची रचना आम्हाला अधिक भरवशाची वाटते.

ब्रदरचं स्कॅन-एन-कट हे तिसरं. यात स्कॅनर मशीनमध्येच आहे. कागदावर हाताने काढलेली रांगोळीची नक्षी, जुन्या दुपट्यावरचा मोर किंवा छापील कापडावरची फुलं मॅटवर ठेवा, स्कॅन करा, पडद्यावर रेषा निवडा आणि कापा. संगणक लागत नाही. एसडीएक्स मालिकेतलं पातं वस्तूची जाडी स्वतः मोजतं आणि ३ मिलिमीटरपर्यंत जातं. कापडाच्या कामात हातशिलाई आणि ॲप्लिक (कापडावर कापडाचे आकार शिवणं) करणाऱ्या बायकांसाठी, विशेषतः ज्यांना संगणकाशी झटापट नको, त्यांच्यासाठी आमचं मत याच मशीनकडे झुकतं. शिलाईची कड, म्हणजे शिवणीसाठी सोडायची माया, मशीनवरच घालता येते. ही शिवणयंत्रं बनवणाऱ्या कंपनीची सवय आहे आणि ती दिसते. कमजोरी एवढीच, की सोबतचे चिकट कागद आणि पाती इथल्या दुकानांत सहसा मिळत नाहीत. मशीन घेतानाच दोन-तीन मॅट आणि हाय-टॅक (जास्त चिकट) शीट सोबत घ्या. परदेशातून कुणी आणलेलं मशीन असेल तर लावण्याआधी मागची पट्टी वाचा, व्होल्टेज २३० चालतं का ते पाहा.

हाताने फिरवायचं मशीन

कापडवाल्यांनी एका वस्तूकडे हटकून पाहावं. सिझिक्स बिग शॉट किंवा ॲक्युक्विल्ट गो यांसारखं दांडा फिरवून चालणारं डाय मशीन. फोममध्ये बसवलेली पोलादी पात्याची डाय, तिच्यावर कापड, वरून प्लास्टिकची पाटी, आणि दोन रुळांमधून हे सगळं दाबून काढायचं. ॲक्युक्विल्ट गोमध्ये सुती कापडाचे सहा थर एका वेळी कापतात. गोधडीसाठी तीनशे चौकोन लागत असतील तर संगणकावरचं कुठलंही मशीन याच्याशी स्पर्धा करू शकत नाही. वीज लागत नाही, हे तर महावितरणच्या राज्यात वेगळं सांगायला नको. कापड ठेवताना उभा धागा रुळाच्या दिशेने, म्हणजे डाय जिकडे सरकते तिकडे ठेवा. आडवा ठेवला तर दाबाखाली कापड ताणलं जातं आणि चौकोनाचा आयत होतो. एक डाय म्हणजे एकच आकार, हा याचा तोटा. डाय परदेशी आणि महाग. त्यामुळे रोज तोच आकार लागत असेल तरच हे घ्या.

रेडियमवाल्यांसाठी दोन फुटी प्लॉटर

नाक्यावर दुकान टाकायचं असेल तर घरगुती मशीनचा विचारच सोडा. २४ इंची प्लॉटर हवा. चिनी स्टेपर मोटरचे प्लॉटर सर्वांत स्वस्त. वर ग्राफटेक, रोलँड यांचे सर्व्हो मोटरचे. दोघांतला फरक लहान अक्षरांत आणि लांब कामात दिसतो. दहा फूट लांब पट्टी कापून बघा. स्वस्त मशीनमध्ये शेवटच्या फुटाला रोल एका बाजूला सरकलेला असतो. उपाय म्हणजे आधी तेवढा रोल मोकळा ओढून ठेवायचा, दाबरुळ बरोबर खरबरीत पट्ट्यांवरच आहेत ना ते पाहायचं, दोन्ही बाजूंना सारखा ताण द्यायचा, आणि काम दोन-दोन फुटांच्या भागांत पाडायचं. चांगल्या मशीनमध्ये ही कसरत कमी.

छापील स्टिकर कडेने कापून द्यायचे असतील, उदाहरणार्थ आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं, तर स्टिकरभोवती छापलेल्या खुणा ओळखणारा डोळा (सेन्सर) मशीनमध्ये आहे का हे विचारा. 'आहे' म्हणाले तर समोर कापून दाखवायला सांगा. चकचकीत लॅमिनेशनवर स्वस्त डोळे चकतात, आणि चाचणी नेमकी साध्या कागदावर घेतलेली असते.

नंबर प्लेटच्या कामावर हिशोब मांडू नका. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट येते आणि जुन्या गाड्यांनाही तीच लावायची आहे. रेडियम दुकानाचं ते उत्पन्न संपल्यात जमा. तसंच बहुरंगी टी-शर्टचं काम आता डीटीएफ (फिल्मवर छापून कापडावर उतरवायच्या) छपाईकडे गेलं आहे. कटिंगकडे उरलं ते जर्सीवरचं नाव-नंबर, एकरंगी आणि घाईचं. त्यात एचटीव्ही अजून भारी, कारण अकरा वेगवेगळी नावं तासाभरात होतात. पॉलिएस्टर जर्सीवर पांढरं लावताना लक्ष ठेवा. लाल किंवा मरून जर्सीचा रंग उष्णतेने वर चढतो आणि पांढरा नंबर दोन दिवसांत गुलाबी होतो. कमी तापमानाचं किंवा रंग अडवणारं एचटीव्ही घ्या, दाब वाढवून तापमान उतरवा. साध्या सुती टी-शर्टला साधारण १५० अंश आणि १०–१५ सेकंद चालतात, पण आकडा मालाच्या पुड्यावरचाच धरा. आणि एचटीव्ही नेहमी आरशातल्यासारखं उलटं कापायचं, चकचकीत बाजू खाली. हे ठाऊक असूनही आठवड्यात एकदा सगळ्यांकडून चुकतं.

पात्याची खोली: निम्म्या तक्रारी इथेच

रेडियमची जाडी फार कमी असते. नेहमीच्या ओराकॅल ६५१ ची जाडी ६३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सोळावा हिस्सा. पातं होल्डरमधून तेवढंच बाहेर हवं, अधिक मागच्या कागदाला नुसता स्पर्श. नवशिके पातं भरपूर बाहेर काढतात आणि जोर कमी ठेवतात. उलट करा. पातं आधी हातात धरून रेडियमच्या तुकड्यावर नेहमीच्या दाबाने ओढा. रेडियम कापलं गेलं आणि मागच्या कागदावर फक्त ओरखडा दिसला, तर खोली बरोबर. मग होल्डर मशीनमध्ये घालून जोर ८० ग्रॅमपासून दहा-दहाने वाढवत न्या.

चाचणीसाठी चौकोनात वर्तुळ कापा आणि मधला तुकडा उचला. न उचलला तर जोर कमी. कागद आरपार गेला तर जोर किंवा खोली जास्त. कोपरे गोल आले तर ऑफसेट (पात्याचं टोक होल्डरच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते माप) कमी आहे, कोपऱ्याला बारीक शिंगं फुटली तर जास्त. ४५ अंशाच्या साध्या पात्याला ०.२५ मिलिमीटरच्या आसपास ऑफसेट बसतो. वर्तुळाची सुरुवात आणि शेवट जुळत नसेल तर पात्याच्या टोकावर कचरा आहे किंवा होल्डरचं बेअरिंग अडलं आहे. ६० अंशाचं पातं जाड मालासाठी, म्हणजे ईव्हीए फोमशीट, फेल्ट, चकमकी एचटीव्ही. साध्या रेडियमला ते लावू नका.

पातं खूप बाहेर ठेवून महिनोन्महिने काम केलं, की खालच्या पांढऱ्या पट्टीत चर पडतो. मग कितीही जोर वाढवला तरी त्या जागी रेडियम खचतं आणि कापलं जात नाही. गिऱ्हाईक म्हणतं मशीन म्हातारं झालं. पट्टी बदलली की मशीन पुन्हा तरुण. ॲल्युमिनियम फॉइलच्या गोळीत पातं टोचलं की धार येते, असंही सांगतात. धार येत नाही, टोकावरचा चिकट कचरा निघतो, एवढंच. पण तेही पुष्कळ.

कापल्यावर नको असलेला भाग काढणं म्हणजे तांदळातले खडे निवडण्यासारखं काम. त्यात वेळ वाचवायचा असेल तर डिझाइनभोवती चौकट कापून घ्या आणि लांब मजकूर असेल तर दोन ओळींमध्ये आडव्या रेषा द्या, म्हणजे एकेक तुकडा वेगळा निघतो.

देवनागरीचं दुखणं

याबद्दल कुठल्याही माहितीपत्रकात ओळ सापडत नाही, आणि आपल्याकडे निम्मं काम मराठी अक्षरांचं. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. पडद्यावर ती एकसंध दिसते. पण मशीनला तिथे दोन स्वतंत्र आकार दिसतात आणि ते दोन्हींच्या कडा कापतं. 'दर्याचा राजा' असं नाव असेल तर शिरोरेघेवर प्रत्येक अक्षरामागे एक चीर पडते आणि निवडताना अक्षरं सुटी होतात. मशीनच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरांची जुळणी कळत नसेल तर ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते आणि 'श्र' फुटतो.

म्हणून मराठी मजकूर मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करूच नका. इंकस्केप फुकट आहे. त्यात युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करा, मग पाथ मेनूत 'ऑब्जेक्ट टू पाथ', मग 'युनियन', आणि साध्या एसव्हीजीत जतन करा. कोरलड्रॉ वापरणाऱ्यांनी कर्व्हमध्ये बदलून 'वेल्ड' करायचं. त्यानंतर फक्त रेषा दिसतील अशा दृश्यात मोठं करून पाहा, शिरोरेघेत एकही उभी रेघ उरता कामा नये. फाइल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर रुंदी मोजून घ्या, काही सॉफ्टवेअर एसव्हीजीचं माप इंचाला ९६ ठिपक्यांऐवजी ७२ च्या हिशोबाने वाचतात आणि नाव एक तृतीयांशाने मोठं होतं.

फॉन्ट जाड आणि मोकळा हवा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बालू हे दोन्ही फुकट मिळतात. मुक्तची जाड वजनं कटिंगला उत्तम. बालू मुलांच्या कपड्यांवर गोड दिसतो, पण लहान मापात 'ब' आणि 'क' ची पोटं बुजतात. अनुस्वाराचा ठिपका ३ मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नका, तो निवडताना जातो किंवा पहिल्याच धुण्यात उडतो. गरजेला तेवढा ठिपका वेगळा मोठा करा, वाचणाऱ्याला कळतही नाही.

शिरोरेघेचा एक फायदाही आहे, जो इंग्रजी अक्षरांना मिळत नाही. अख्खा शब्द एकच तुकडा असतो, त्यामुळे चिकटवताना अक्षरं वरखाली होत नाहीत. पण लांब शब्द ट्रान्स्फर टेपवरून (कापलेली अक्षरं उचलून लावायच्या पट्टीवरून) लावताना ओढला गेला तर शिरोरेघ ताणून लाटेसारखी होते. मधून सुरुवात करून दोन्ही कडांकडे स्क्वीजी (दाबायची सपाट पट्टी) फिरवा. स्टेन्सिल कापायची असेल तर मात्र 'ब', 'म', 'भ' यांच्या पोटातले तुकडे गळून पडतात. त्यांना धरून ठेवणारे बारीक पूल डिझाइनमध्येच सोडावे लागतात.

पाऊस आणि खारा वारा

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. नेमका तोच गणपतीचा हंगाम. या हवेत रेडियमच्या मागचा कागद ओल शोषतो आणि फुगतो. रेडियम फुगत नाही. मग दोघांच्या मध्ये बोगदे तयार होतात आणि पातं त्यावरून गेलं की बारीक अक्षरं उचलली जातात. रोल आडवे रचू नका. उभे, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून, आत सिलिका जेलची पुडी. कापण्याआधी तासभर रोल खोलीत उघडा ठेवा. कार्डशीटही ओलसर असते, तिच्या कडा फाटून दोरे निघाल्यासारखे दिसतात. पातं बोथट झालंय असं वाटतं, पण कागद दमट असतो. वरून इस्त्री फिरवली की फरक पडतो.

मॅटचा चिकटपणा हा दमट हवेचा पहिला बळी. क्रिकट एका मॅटला साधारण २५ ते ४० पूर्ण कटिंग देते. त्यांची हिरवी किंवा निळी मॅट गेली असं वाटलं तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने हलक्या हाताने धुऊन पंख्याखाली वाळवा, बराचसा चिकटपणा परततो. गुलाबी कापडाची मॅट धुऊ नका, खरवडूही नका, आणि मुळात तिच्यावर बोटं लावू नका, हाताचं तेल तिला मारतं. कापड रोलर फिरवून बसवायचं आणि चिमट्याने उचलायचं. सुती कापड धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून ठेवलं तर मॅटला छान धरतं. खण मात्र कडेने पटकन सुटतो, त्याला फ्युजिंग लावूनच घ्या, चाकपातं असलं तरी.

पाती आणि होल्डर डबीत ठेवा, कडेला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. किनाऱ्यापासून चार पावलांवरच्या घरात उघडं पातं दोन महिन्यांत तांबूस होतं. मशीनच्या सळ्यांना मात्र मनाने तेल घालू नका, त्यावर कापडाची लव चिकटून कॅरेज अडतं. कोरड्या कापडाने पुसा.

होडीवरच्या नावाचं गणित वेगळं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या शाकारलेल्या असतात, रंगकामही त्याच सुमारास. ताज्या ऑइलपेंटवर रेडियम लावलं तर खालून वायू सुटून फुगे येतात आणि कड उचलते. रंग पूर्ण वाळायला किमान तीन आठवडे द्यायला रेडियमच्या कंपन्या सांगतात. म्हणजे ऑगस्टला समुद्रात जायचं असेल तर रंग जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावून झालेला हवा. फायबरच्या होडीवर आधी साबणपाणी, मग गोडं पाणी, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. मीठ राहिलं की कड सुटलीच. अक्षरांचे अणकुचीदार कोपरे डिझाइनमध्येच किंचित गोल करा, लाट टोकापासून उचलायला लागते.

वीज गेली की घरगुती मशीन आपली जागा विसरतं आणि अर्धं कापलेलं पुढे चालू होत नाही. ही मशीनं शंभर वॉटच्या आतच घेतात, संगणकाचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. लॅपटॉप बॅटरीवर, मशीन यूपीएसवर. इस्त्री आणि हीट प्रेस त्याला जोडू नका.

मखराचं थोडक्यात

२०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून पुठ्ठा, कागद, कापड आणि फोमशीटची मखरं वाढली. २ मिलिमीटरची ईव्हीए फोमशीट ६० अंशाच्या पात्याने दोन फेऱ्यांत निघते. ५ मिलिमीटरचा सनबोर्ड यातलं एकही घरगुती मशीन कापणार नाही, दुकानदार काहीही म्हणो. पन्हळी पुठ्ठा रुळाखाली चेपतो. जाळीदार पॅनलसाठी २५० ते ३०० जीएसएमची कार्डशीट कापून मागे पुठ्ठ्याची चौकट लावणं बरं. सनबोर्ड आणि ॲक्रिलिकला लेझर किंवा राउटर. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, म्हणून त्याला राउटरच. पीव्हीसी आणि रेडियम लेझरखाली घालायचं नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो छातीला वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही.

दुकानात गेल्यावर

स्वतःचं कापड, स्वतःचा रेडियमचा तुकडा आणि पेन ड्राइव्हवर एक फाइल घेऊन जा. फाइलमध्ये 'श्री गणेशाय नमः' चार सेंटिमीटर उंचीत, आणि खाली अर्ध्या सेंटिमीटरच्या अक्षरांत एक फोन नंबर, खरा नको. दुकानदाराच्या डेमो फाइलवर सगळी मशीनं छान कापतात. विसर्गाचे दोन ठिपके आणि 'श्र' चा काना स्वच्छ निघाला तर पुढे बोला.

मशीनच्या किमतीएवढंच लक्ष पाती, मॅट आणि पट्टीच्या किमतीवर द्या, आणि ती कुठून येणार हे विचारा. बिल भारतातल्या अधिकृत विक्रेत्याचं आणि मशीनचा क्रमांक लिहिलेलं घ्या. दुरुस्तीसाठी गाठ बहुधा मुंबई, पुणे नाहीतर कोल्हापूरशीच पडते, म्हणजे मशीन कुरिअरने जाणार. खोका, आतले थर्माकोलचे साचे आणि कॅरेज बांधायची चिकटपट्टी माळ्यावर टाकून ठेवा. कॅरेज न बांधता घाटातून गेलेलं मशीन परत येतं तेव्हा एकाऐवजी दोन बिघाड घेऊन येतं.